पौल, याकोब आणि अब्राहाम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वेळ काढून लिहिलंत, आभार. 'तारण (पापातून सुटका) केवळ विश्वासाने' या माझ्या विधानावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (२:२४) याच्या नेमकं उलट लिहिलंय: माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी नीतिमान, म्हणजे देवासमोर निर्दोष, ठरतो. दोन, असं शिकवलं की माणसं रविवारी चर्चमध्ये आणि सोमवारपासून मोकाट. शेवटी तुम्ही विचारता, आज्ञा मोडली तर तारणाचं काय?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या पौलालाही ऐकावा लागला. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच मांडतो आणि तिथेच ठामपणे फेटाळतो. आज्ञा पाळून तारण मिळवा, असं तो सांगत असता तर हा प्रश्न निघालाच नसता. पण म्हणून आज्ञापालन त्याला नको होतं असं नाही. विश्वासातून येणारं आज्ञापालन राष्ट्राराष्ट्रांत घडावं म्हणूनच आपल्याला प्रेषितपद मिळालं, असं तो त्याच पत्राच्या आरंभी लिहितो.

आता याकोब. गंमत म्हणजे दोघंही साक्षीला इस्राएलच्या मूळपुरुषाला, अब्राहामालाच उभं करतात. पौल बायबलच्या पहिल्या पुस्तकाकडे, उत्पत्ती १५ कडे बोट दाखवतो: तारे मोजून बघ, तुझी संतती तशी होईल, असं देव म्हणतो, अब्राहाम विश्वास ठेवतो आणि तेवढ्यावर नीतिमान गणला जातो. याकोब उत्पत्ती २२ काढतो, अब्राहाम आपला मुलगा इसहाक देवाला अर्पण करायला निघतो तो प्रसंग. या दोन अध्यायांच्या मध्ये काय काय आहे बघा. पहिला मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा, सुंता ९९ व्या वर्षी, इसहाक १०० व्या. आणि बावीसाव्या अध्यायात तोच इसहाक लाकडं वाहून नेण्याइतका मोठा झालाय. म्हणजे वीसहून अधिक वर्षं! देवाने नीतिमान गणलं ते आधी, मोरियाचा डोंगर, म्हणजे ते अर्पण, नंतर. याकोबालाही हा क्रम ठाऊक आहे. २:२३ मध्ये तो उत्पत्ती १५ चंच वचन देतो आणि म्हणतो की ते पूर्ण झालं. रद्द झालं असं म्हणत नाही.

मग तो चिडलाय कुणावर? उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून रिकाम्या हाती वाटेला लावणाऱ्यावर. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असा टोला तो हाणतो. असला विश्वास पौलालाही चालला नसता. प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, हे गलतीकरांस ५:६ मधलं त्याचंच म्हणणं.

प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवताची उपमा देऊन ते हलकं ठरवलं. आम्हा प्रॉटेस्टंट मंडळींना ती उपमा सोयीची वाटते, मला मात्र तो उतावीळपणा वाटतो. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 'केवळ विश्वासाने' या शिकवणीविरुद्ध शाप उच्चारले. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एकाच जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव आपला स्वीकार करतो तो कृपेने, आपल्या लायकीमुळे नव्हे, आणि तीच कृपा सत्कृत्यांसाठी सज्ज करते. मतभेद संपले नाहीत, पण दोन्ही बाजूंमध्ये वाटते तेवढी उभी फूट आता उरलेली नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, आज्ञा मोडली तर तारणाचं काय? येशूचा शिष्य पेत्र याने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं. योहान २१ मध्ये येशू त्याच्याकडे त्या नाकारण्याचा हिशेब मागत नाही. माझ्यावर प्रेम आहे का, एवढंच तीनदा विचारतो आणि प्रत्येक वेळी आपला कळप, म्हणजे अनुयायी, त्याच्यावर सोपवतो. तोच पेत्र पुढे अंत्युखिया शहरात लोकांच्या भीतीने विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. तुझं तारण गेलं, असं मात्र म्हटलं नाही.