तेरा सेकंदांचा म्हातारा

मी चोपन्न वर्षांचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या मंगळवारी सिंगापुरात भररस्त्यात माझं वय ठरलं आणि मला कोणी विचारलंही नाही.

भाचीकडे गेलो होतो, तोआ पायोहला. सकाळी दूध आणायला उतरलो (हे काम परदेशातही चुकत नाही) आणि सिग्नलच्या खांबापाशी थबकलो. मला ही खोडच आहे. लोक मर्लायनसमोर उभे राहून फोटो काढतात, मी गटारांची झाकणं बघत बसतो. माझ्या फोनमध्ये बायकोपेक्षा बसस्टॉपचे फोटो जास्त आहेत, हे तिनंच मोजून सांगितलंय. तर खांबावर रस्ता ओलांडायचं बटण होतं आणि त्याच्यावर कार्ड टेकवायची एक डबी. चष्मा कपाळावर सरकवून, गुडघ्यावर हात टेकून, वाकून मी डबीवरची बारीक अक्षरं वाचायला लागलो.

तेवढ्यात बाजूला एक आजी येऊन उभी राहिली. चिनी, माझ्या खांद्याला लागेल इतकी उंची, फुलाफुलांचा ढगळ ब्लाऊज आणि मागं दोन चाकांची पिशवी, तिच्यातून कांद्याची पात डोकावत होती. तिनं मला खालून वर न्याहाळलं. पांढरे खुंट, वाकलेली कंबर, गुडघ्यावर हात. निदान झालं.

"अंकल, नो कार्ड आह?"

"नो, नो. आय ॲम जस्ट सीइंग," मी म्हटलं.

ह्या वाक्यातून तिनं एवढंच घेतलं की बिचाऱ्याला दिसतही नाही. गळ्यातल्या पाकिटातून तिनं आपलं कार्ड काढलं आणि माझ्या वतीनं डबीला टेकवलं. टिक! मग मला समजावलं की आता हिरवा माणूस जास्त वेळ थांबेल, घाई करू नकोस. मी छाती पुढं काढून म्हणालो, "आय ॲम फिफ्टी-फोर!"

ती क्षणभर बघत राहिली. मग स्वतःच्या छातीवर थाप मारून म्हणाली, "मी, सेव्हन्टी-एट!" आणि वर, "यू मस्ट एक्सरसाइझ, लाह."

हिरवा लागला. तिनं माझं कोपर धरलं. मी तरुणपण सिद्ध करायला ढांगा टाकू लागलो, तर तिनं मागं ओढलं, "स्लो, स्लो, स्टिल गॉट टाइम." दप्तरवाली पोरं आम्हाला ओलांडून गेली. थांबलेल्या बसचा ड्रायव्हर माझ्याकडे अशा मायेनं बघत होता की मलाच क्षणभर कंबर दुखल्यासारखी वाटली. पलीकडे पोचल्यावर तिनं माझ्या पाठीवर थोपटलं आणि पिशवी खडखडवत निघून गेली. दूध अलीकडेच राहिलं. परत येताना मात्र सेकंद तरुणांचेच मिळाले, आणि मी, खोटं कशाला बोला, थोडा धावलो.

घरी सांगायची चूक केली. बायको सोफ्यावर आडवी पडून हसली. भाचीनं माहिती पुरवली: ही सोय 2009 पासून आहे, साठीपुढच्यांच्या सवलतीच्या कार्डावर चालते आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद वाढवून मिळतात. "मामा, रस्ता रुंद आहे, तुला तेरा मिळाले असतील!" तेव्हापासून घरात माझं नाव तेरा सेकंद.

ह्या गावाला चालणाऱ्याची काळजी करायची जुनीच सवय दिसते. सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्स साहेबानं 1822 मध्ये शहराचा आराखडा आखताना दुकानांपुढं सलग छपराची वाट सक्तीची केली. तिला अजून 'फाइव्ह-फूट वे'च म्हणतात. आपल्या फोर्टात दादाभाई नौरोजी रोडवरही तशा कमानी आहेत की. त्यांच्याखालून चालायला मिळालं तर बघा. इथं इमारतीतून निघून बसस्टॉपला पोचेपर्यंत डोक्यावर छप्पर, भर पावसात माझी चप्पलसुद्धा भिजली नाही. राग येतो हो अशा वेळी. म्हणजे आपल्याला काय कळत नाही? सगळं कळतं, टेंडरसुद्धा निघतं.

आमच्या घराजवळच्या फुटपाथवर अंध माणसांसाठी पिवळ्या फरश्या बसवल्यात. मूळ युक्ती जपानच्या सेइची मियाकेंची. 1967 मध्ये ओकायामात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. रेघा म्हणजे चाल, ठिपके म्हणजे थांब, इतकी सोपी भाषा. आमच्याकडे एक रेघांची, एक ठिपक्यांची, पुन्हा रेघांची, अशी रांगोळी घातलीय. चाल, थांब, चाल, थांब, आणि शेवटी थेट विजेच्या डीपीच्या दारात. पुढच्या चौकात झेब्रा आहे, पण तो दुभाजकाच्या लोखंडी कठड्याला जाऊन धडकतो. बारा सेकंद हिरवा, त्यातच डावीकडून वळणाऱ्या गाड्या. आपण हात वर करून आशीर्वाद देत देत घुसायचं.

समोर विठ्ठलाचं देऊळ आहे. मोजून चाळीस पावलं. आई एकोणऐंशीची. आधी एकटी जायची, मग मला घेऊन, मग रिक्षानं. रिक्षा पुढून वळसा घालून येते, म्हणून रिक्षावाला समोरचं देऊळ बघूनच नाही म्हणतो. दीड वर्ष झालं, ती बाल्कनीतून हात जोडते.

रात्री तिला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. पदर तोंडाला लावून हसली. मला म्हणाली, आधी केस काळे कर. मग विचारलं, "बाई एकटीच आली होती बाजाराला?"

"हो."

"अठ्ठ्याहत्तरची?"

"हो."

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "कांद्याची पात काय भाव रे तिकडे?"