'केवळ' या शब्दामागे

दर रविवारी धाकट्या भावाशी फोनवर बोलणं होतं आणि थंडी सुरू झाली की विषय हवेवर येतो. गेल्या खेपेला तो जरा चिडूनच म्हणाला, "दादा, सरकारनं संसदेत सांगितलंय, केवळ प्रदूषणानं मृत्यू होतो असं सिद्ध करणारी ठोस आकडेवारी नाही. तू तिकडे बसून आम्हाला कशाला घाबरवतोस?"

मला सगळा घोळ त्या 'केवळ'मध्ये दिसतो. पीएम २.५ म्हणजे हवेतले, केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक कण. ते फुप्फुसात खोल जातात, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. झटका येतो हृदयाला किंवा मेंदूला, आणि मृत्यूच्या दाखल्यावर तेवढंच लिहिलं जातं. एकटं प्रदूषण सहसा कुणाला मारत नाही. ते दुखणं लावतं किंवा आधीच्या दुखण्याला हात देतं.

इथे लंडनमध्ये एला किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्यानं गेली. घर वाहत्या रस्त्याजवळ. पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखही नव्हता. आई मागे हटली नाही. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं तो निष्कर्ष रद्द केला आणि डिसेंबर २०२० मध्ये कोरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण लिहिलं. दमा तिला होताच, पण म्हणून हवा निर्दोष ठरली नाही.

'यांनी दोनशे वर्षं धूर ओकला, आता आम्हाला शिकवतात' हे ब्रिटनबद्दलचं भावाचं म्हणणं मला मान्य आहे. डिसेंबर १९५२ च्या धुरक्यात याच शहरात पहिल्या हिशोबानं सुमारे ४,००० माणसं गेली. पुढच्या महिन्यांतले जास्तीचे मृत्यू ब्रिटिश सरकारनं फ्लूच्या खाती टाकले. नंतरच्या अभ्यासांत एकूण आकडा १२,००० पर्यंत गेला. म्हणजे सबबही इथलीच जुनी. स्वच्छ हवेचा कायदा मात्र १९५६ मध्ये झाला. ती चार वर्षं आपणही घालवायलाच हवीत का?

आपल्याकडे पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मोजतात ती पीएम १० वर, म्हणजे बारीक कणांबरोबर जाड धूळही धरणाऱ्या मापावर. रस्ते धुतले की आकडा सुधारतो. रक्तात उतरणारा बारीक कण बराचसा तसाच राहतो. हे मला फार लागतं.

बाबांच्या दाखल्यावर 'हृदयविकार' आहे. तीस वर्षं ते भर रहदारीच्या चौकात उभे राहून काम करत होते. त्यात त्या हवेचा वाटा किती, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही.

भावाला म्हटलं, आईला पुढच्या तपासणीला नेशील तेव्हा तिची खिडकी कोणत्या रस्त्यावर उघडते, तेही डॉक्टरांना सांग. त्यांच्या कागदावर लिहून घ्यायला लाव. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांगतो."