लुकासने निगेटिव्ह जाळली म्हणे!

रविवारी जेवताना भाच्याने विचारलं, "मामा, त्याने स्वतःचाच पिक्चर का जाळला?" पोरगं बारा वर्षांचं, चेहरा पडलेला. घरच्या ग्रुपवर ताईने टाकलेला फॉरवर्ड त्याने वाचला होता. मजकूर थोडक्यात असा: जॉर्ज लुकासने 1977 च्या 'स्टार वॉर्स'ची निगेटिव्ह जाळली. मूळ पिक्चर आता फक्त चाहत्यांनी एआयने बनवलेल्या फाइलमध्ये उरलाय. तेव्हा थिएटरात दिसला तसाच तो हुबेहूब आहे. आणि घरात ब्लू-रे असेल तर ही फाइल डाउनलोड करणं शंभर टक्के कायदेशीर. खाली लिंक आणि 'सगळ्यांना पाठवा'.

ताई, सगळ्यांना पाठवायच्या आधी मला एक फोन केला असतास तर?

निगेटिव्ह जाळणारा जॉर्ज वेगळा. 1902 मध्ये पडद्यावर चंद्राची सफर घडवणाऱ्या फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने धंदा बुडाल्यावर 1923 मध्ये आपल्या निगेटिव्ह जाळल्या. लुकासने जाळली नाही, कापली. 1997 च्या 'स्पेशल एडिशन'साठी मूळ निगेटिव्हमधले जुने शॉट काढून तिथे नवे जोडले. त्यासाठी निगेटिव्ह कायमची बदलली गेली, हे पिक्चर बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने 2006 मध्ये स्वतःच सांगितलं. तेव्हा फॉरवर्डमध्ये चार आणे तथ्य आहे, नाइलाजाने मान्य.

पण 77 साली त्या निगेटिव्हवरून निघालेल्या प्रिंट कुठे गेल्या? त्यांतली एक ब्रिटिश टेक्निकलर प्रिंट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने उणे 5 अंशांत चाळीसेक वर्षं जपली आणि 12 जून 2025 ला लंडनमध्ये प्रोजेक्टरवर चढवली. लुकासफिल्मच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी स्वतः हजर होत्या. राखेचं दर्शन घ्यायला आल्या होत्या का?

टेक्निकलर हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्या काळच्या साध्या रंगीत प्रिंट वर्षानुवर्षांत विटून गुलाबी पडतात. टेक्निकलरमध्ये रंग छपाईसारखे फिल्मवर उमटवलेले असतात, ते टिकतात.

आता एआय. इथे माझं डोकं फिरलं. मूळ पिक्चर परत उभा करायला चाहत्यांनी केलेल्या कामांतलं '4के77' याच टिकाऊपणावर उभं आहे. त्याचा सुमारे 97 टक्के भाग 1977 च्या एकाच टेक्निकलर प्रिंटवरून 4के मध्ये स्कॅन केलाय, मग धूळ, डाग, ओरखडे साफ केलेत. त्याआधीची 'डीस्पेशलाइज्ड एडिशन' म्हणजे तर गोधडीच. 2011 च्या ब्लू-रेची चौकट घ्यायची, बदललेला प्रत्येक शॉट हुडकायचा, जुन्या डीव्हीडीतून नाहीतर फिल्मच्या स्कॅनमधून त्याचा मूळ तुकडा आणायचा आणि टाका दिसू नये असा रंग जुळवायचा. एका चेक चाहत्याने हे सुरू केलं, पगार कोणी देत नव्हतं. हे सगळं 'एआयने बनवलं' म्हणणं म्हणजे पैठणी विणणाऱ्याला "मशीनवर काढलीत ना?" विचारणं.

'हुबेहूब'ही तसंच. कुठल्या थिएटरातलं हुबेहूब? त्या एका पिक्चरचे तीन ध्वनिपट होते: 70 एमएमचा सहा ट्रॅकचा, 35 एमएमचा स्टिरिओ आणि साध्या थिएटरांसाठी मोनो. मोनोमध्ये हिरो ल्यूकच्या बेरू काकीचा आवाजच वेगळ्या बाईचा आहे. यान खेचून धरणारा ट्रॅक्टर बीम कुठे कुठे जोडलाय हे थ्रीपीओ हा रोबो सांगतो, ते वाक्य मोनोत आहे, स्टिरिओत नाही. एकाच गावातल्या दोन थिएटरांतून बाहेर पडलेली माणसंसुद्धा यावर भांडली असती. आणि सुरुवातीच्या मजकुरावरचं 'एपिसोड फोर' 1981 मध्ये आलं, 77 मध्ये ते नव्हतंच.

कायद्याचं सोपं आहे. हक्क लुकासफिल्मचे. अधिकृत डिस्क विकत घ्या, मगच आमची प्रत पाहा, असं हे चाहते सांगतात. तो त्यांचा सभ्यपणा झाला, कंपनीची परवानगी नव्हे. त्यांच्यावर ही वेळ आणली कंपनीनेच, हेही खरं. 2006 मध्ये मूळ आवृत्ती डीव्हीडीवर दिली ती बोनस म्हणून, आणि तीही 1993 च्या लेझरडिस्कच्या, म्हणजे डीव्हीडीआधीच्या मोठ्या तबकडीच्या, मास्टरवरून काढलेली. मोठ्या टीव्हीवर ती बघवत नाही.

आणि ताई, 'घरात ब्लू-रे असेल तर' असं लिहिलंय. तुझ्याकडे साधा डीव्हीडी प्लेअर तरी आहे का?