आवाज कुठून काढायचा, हे वापरकर्त्याला कशाला विचारता?

आपण तानपुरा, पेटी किंवा सिंथेसायझर वाजवणारे सॉफ्टवेअर तयार केले असेल आणि ते दुसऱ्या कोणाच्या आधाराविना, स्वतंत्रपणे चालावे अशी आपली इच्छा असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. हेच सॉफ्टवेअर प्लगइन म्हणून रेकॉर्डिंगच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये नांदते, तेव्हा ते एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावासारखे असते. साउंड कार्ड कोणते, सॅम्पल रेट (म्हणजे सेकंदाला आवाजाचे नमुने, अर्थात सॅम्पल) किती, बफर (म्हणजे एका खेपेला साठवून पुढे धाडायच्या सॅम्पलचा साठा) केवढा, हे सगळे घरचा कर्ता ठरवतो. वेगळे बिऱ्हाड थाटले की मात्र नळजोडणीपासून वीजबिलापर्यंत सारे आपल्याच गळ्यात येते, आणि नेमक्या याच क्षणी भलेभले प्रोग्रॅमर भावनेच्या भरात वापरकर्त्यासाठी ऑडिओ सेटिंगची खिडकी उघडून देतात. हा मोह आवरावा.

तो आवरणे सोपे नाही, हे मान्य. 'ज्यूस' नावाचे, ऑडिओ सॉफ्टवेअर बांधायला लागणारा तयार सांगाडा देणारे, सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले जे प्रसिद्ध फ्रेमवर्क आहे (नाव ऐकून नागपूरकरांनी संत्री सोलायला घेऊ नयेत), त्यात उपकरण, सॅम्पल रेट आणि बफर निवडण्याचा फलक तयारच मिळतो आणि स्वतंत्र आवृत्तीच्या खिडकीवर तिथे नेणारे बटणही आपोआप येते. म्हणजे सोय द्यायला जवळजवळ काहीच करावे लागत नाही. ती काढून टाकायलाच खास मेहनत लागते. ती जरूर घ्यावी.

उपकरण निवडताना संगणकाने पहिले म्हणून जे पुढे केले, ते निमूटपणे स्वीकारावे. नागपूरच्या धंतोलीत गाण्याचा वर्ग चालवणाऱ्या एका परिचित सरांकडे या धोरणाचे फळ मी प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या लॅपटॉपला यूएसबीचे साउंड कार्ड आणि दोन उत्तम स्पीकर जोडलेले होते, आणि बंदिशीचे शब्द मुलांना मोठे दिसावेत म्हणून भिंतीवरचा टीव्हीही एचडीएमआय केबलने जोडलेला होता. तानपुऱ्याच्या सॉफ्टवेअरने टीव्हीची निवड केली, आणि टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर चारही तारा सुरेख थरथरत होत्या, खोलीत फक्त कूलर गात होता. सरांनी वायरी काढून पुन्हा खोचल्या, स्पीकरवर दोन चापट्या मारल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला. सेटिंग शोधायला गेले, तर तिथे पार्श्वभूमीचा रंग बदलण्याची सोय होती. बावीस छटा होत्या.

सॅम्पल रेटबाबत ४४,१०० हा आकडा कोडमध्येच कायमचा कोरून टाकावा. साउंड कार्ड ४८,००० वर चालत असेल आणि मध्ये कोणी रूपांतर करणारा नसेल, तर सूर सुमारे दीड अर्धस्वराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने वर चढेल. काळी एकमध्ये लावलेला षड्ज मग ना पांढरी दोनवर बसेल ना काळी दोनवर; दोहोंच्या फटीत अडकून राहील. गायकाने तक्रार केलीच, तर त्याच्या रियाजाविषयी आस्थेने चौकशी करावी.

बफर हा विषय अधिक रसाळ आहे. ६४ सॅम्पलचा बफर ठेवला तर त्याच्यामुळे होणारा उशीर जेमतेम दीड मिलिसेकंद असतो, पण जुन्या लॅपटॉपवर लाह्या फुटल्यासारखी तडतड होते. २०४८ ठेवला तर तडतड थांबते, पण उशीर सुमारे ४६ मिलिसेकंदांवर जातो. ज्याच्या यंत्राला जे झेपेल ते त्याने निवडावे, हा विचार फारच लोकशाहीवादी झाला. सर्वांना २०४८ द्यावा. आवाज हवेतून इतक्या वेळात साधारण सोळा मीटर जातो, तेव्हा कळ बोटाखाली असूनही पेटी अंगणाच्या पलीकडे वाजते आहे असा वादकाला भास होईल. (मे महिन्यात नागपूरची हवा तापते आणि आवाज किंचित वेगाने धावतो, पण त्याचा उपयोग बफरला होत नाही.) स्टाइनबर्ग कंपनीने हा उशीर कमी करण्यासाठी १९९७ साली एएसआयओ नावाची, सॉफ्टवेअरला साउंड कार्डापर्यंत जवळच्या रस्त्याने नेणारी वाट काढून ठेवली आहे; तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये. उशिराचा दोष विंडोजवर ढकलावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याबरोबर इडापिडा गावाबाहेर धाडणाऱ्या नागपूरला ही युक्ती नव्याने शिकवायला नको.

मायक्रोफोन सुरुवातीपासूनच उघडा ठेवावा, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा स्पीकरमध्ये, आणि शेवटी शिट्टी शेजाऱ्यांपर्यंत.

एवढे करूनही एखाद्याने कसेबसे सेटिंग जमवलेच, तर ते जतन करू नये. दर सकाळी त्याला नव्याने सुरुवात करता यावी. कार्यक्रमाच्या मधोमध यूएसबीची वायर निसटली, तर 'काहीतरी चुकले' एवढाच संदेश दाखवावा. उपकरण दिसत नाही, दुसरे निवडा, असे सांगणे म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणे.

धंतोलीतल्या सरांनी त्या दिवशी अखेर कपाटावरची जुनी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी खाली काढली आणि रुमालाने धूळ पुसली. तिच्या दर्शनी भागावर आवाजाची, स्वराची आणि गतीची अशी बटणे होती, बाजूला स्पीकर जोडायचे भोक होते, आणि सरांनी न बघताच एक बटण पाव वळसा फिरवून काळी एक लावली. अशी डबी आपल्या डिझायनरच्या दृष्टीस पडणार नाही, याची विशेष खबरदारी घ्यावी.