‘सीलबंद विकलं, मग मेडिकलवाल्याचा काय दोष?’

पावसाळ्यात घरोघरी ताप सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरतो: ‘औषध खराब निघालं तर जबाबदार फक्त कंपनी. मेडिकलवाला सीलबंद माल विकतो, त्याच्यावर केस होत नाही. गावातल्या दुकानाला लायसन्स लागत नाही. आणि बिल नसेल तर तक्रार विसरा.’ यावर विसंबून लोक गप्प बसतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

केस होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 18 मध्ये बनवणाऱ्याबरोबर विकणाराही येतो. नुसतं ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही, हे कलम 19 मध्ये स्पष्ट आहे. बनावट औषध विकल्याचं शाबीत झालं तर किमान 7 वर्षं कैद, आणि त्या औषधाने कुणी दगावलं तर किमान 10.

सरळमार्गी दुकानदाराला मात्र कायदा वाचवतो, आणि वाचवायलाच हवं. त्यासाठी तीन गोष्टी त्यानेच सिद्ध करायच्या असतात. माल परवानाधारकाकडून घेतला होता. वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता. आणि आपल्याकडे असताना तो नीट साठवला होता. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-13 बॅचची विक्री थांबवायला सांगितली. त्यानंतरही ती बाटली विकणारा ‘कळलं नाही’ कोणत्या तोंडाने म्हणेल?

आपल्याकडे खरी गोम तिसऱ्या अटीत आहे. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. जूनच्या वादळात लाईट रात्रभर जाते, इन्व्हर्टर नसतो, आणि सकाळी तीच वायल पुन्हा गार करून गिऱ्हाइकाच्या हातात पडते. पत्र्याच्या दुकानात पश्चिमेकडच्या काचेच्या कपाटात एप्रिल-मेचं ऊन खात पडलेल्या स्ट्रिप्स मी पाहिल्या आहेत. सील शाबूत असतं, पण सील उष्णता अडवत नाही. इथे कंपनीकडे बोट दाखवून भागत नाही.

लायसन्सबद्दलचं विधान तर धोक्याचंच. 1000 पर्यंत लोकसंख्येच्या गावात पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर, बाम अशी मोजकी घरगुती औषधं विनापरवाना विकता येतात; तीही परवानाधारकाकडून आणलेली आणि मूळ बंद पाकिटातच. वाडीवरच्या किराणा दुकानात बरणीतून सुट्ट्या अँटिबायोटिक गोळ्या देणं या सवलतीत बसत नाही. विनापरवाना विक्रीला 3 ते 5 वर्षांची कैद आहे.

राहिलं बिल. ते न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा मागून घ्याच, पण नसलं म्हणून तक्रार अडत नाही. बॅच नंबर असलेला स्ट्रिपचा तुकडा जपून ठेवा, उरलेल्या गोळ्या फेकू नका, औषध निरीक्षकाला कळवा. विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कलम 26 ने कुणालाही दिला आहे. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांत जाता येतं, तेही आपण राहतो त्याच जिल्ह्यात. देवगडच्या माणसाला त्यासाठी कंपनीच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत.