क्रम उलटा ठेवा

कंबोडियातल्या नोम पेन्हच्या भटकंतीवरच्या लेखात सकाळी ‘चुंग एक’ ही वधभूमी आणि दुपारी तुओल स्लेंग हे तुरुंगाचं संग्रहालय असा क्रम सुचवलाय. तो कृपया उलटा करा. नोम पेन्हमधलं तुओल स्लेंग म्हणजे ख्मेर रूज या १९७०च्या दशकातल्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीचा एस-२१ नावाचा तुरुंग, मूळची शाळा. कैदी तिथून ट्रकने सुमारे १५ किमीवरच्या चुंग एकला मारायला नेत. त्यामुळे आधी तुरुंग पाहिला तरच पुढचं नीट कळतं.

तुओल स्लेंगला अडीच-तीन तास हवेतच. लोक ए इमारतीतल्या लोखंडी खाटांपाशी रेंगाळतात आणि बी मधले कैद्यांचे फोटो घाईत उरकतात. खरं तर सगळ्यात जास्त वेळ त्या चेहऱ्यांनाच द्यायला हवा. सी मध्ये वर्गखोल्यांत विटांच्या अरुंद कोठड्या आहेत.

चुंग एकला ऑडिओ गाइड घ्याच. मूळ बांधकामं उरलेली नाहीत, त्यामुळे निवेदनाशिवाय नुसते खड्डे दिसतात. १२९ पैकी ८६ सामूहिक कबरीच उकरल्या आहेत. पावसानंतर मातीतून हाडांचे तुकडे, कपड्यांच्या चिंध्या वर येतात. आखलेली वाट सोडू नका, काही दिसलं तर हात न लावता कर्मचाऱ्यांना सांगा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. कवट्या ठेवलेल्या स्तूपात चपला काढूनच जायचं.