‘मार खाल्ला म्हणून घडलो’ म्हणणाऱ्यांना एका शिक्षकाचं उत्तर

शिक्षक दिन जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपांवर आला, त्यातल्या एका ग्रुपवर माझ्याच माजी विद्यार्थ्याकडून. त्याचं सार असं: आमचे गुरुजी फोडून काढायचे म्हणून आम्ही घडलो, आता कायद्याने शिक्षकांचे हात बांधले, मुलांशी मैत्री करा म्हणतात, म्हणून शाळेतली शिस्त गेली आणि गुरूचा आदरही गेला. बीड जिल्ह्यात सोळा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय. एकेक मुद्दा घेतो.

‘मार खाल्ला म्हणून घडलो.’ असं म्हणणारे सगळे शाळेत टिकलेले लोक आहेत. जे पळाले, ते ग्रुपवर नाहीत. मी तिसरीत असताना आमच्या वर्गातल्या एका पोराला सतराचा पाढा आला नाही म्हणून ओल्या फोकाने मारलं. दुसऱ्या दिवशी तो शेरडांमागे गेला, तो पुन्हा शाळेत आलाच नाही. त्याला काय घडवलं त्या फोकाने?

आणि जुन्या काळाचाच दाखला द्यायचा तर साने गुरुजींचा का देत नाही? १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांच्यासाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काय केलं, तेही आठवा. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. हेही ‘पूर्वीचे शिक्षक’च.

‘कायद्याने हात बांधले.’ शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. त्याचं कलम १७ मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतं. गृहपाठ पुन्हा करून घेऊ नका, जागा बदलू नका, पालकांना बोलावू नका, असं त्यात कुठेही नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचं सांगितलं होतं. दर तीन मुलांमागे जवळजवळ दोन. कायदा उगाच नाही आला.

‘मैत्री केली की डोक्यावर बसतात.’ या मुद्द्यावर मला थांबायचंय, कारण यात थोडं खरं आहे. मुलांना आपल्यात चाळीस वर्षांचा सवंगडी नकोच असतो. त्यांना शिक्षक हवा असतो, फक्त आपल्याला ओळखणारा.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि मार्चअखेर ऊसतोडीहून एक मुलगा चौथीच्या वर्गात परत आला. बोटं पाचटाने ओरखडलेली. फळ्यावर भागाकार दिला तर खाली मान घालून उभा. खिचडीच्या सुट्टीत मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, “उचल फिटली का रे?” उचल म्हणजे तोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. पोरगं बोलायला लागलं. आई-बाप दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, दिवसाला दीड टन ऊस, आणि उचल फिटायला अजून तीस टन बाकी होते. “म्हणजे सर, अजून वीस दिवस लागले असते.” बोटांवर, तोंडी. दुसऱ्या दिवशी तेच गणित मी फळ्यावर मांडलं आणि तो आपणहून उठून पुढे आला.

पंधरा दिवसांनी त्यानेच दुसरीतल्या एका पोराला ढकलून पाडलं. मी सोडलं नाही. पोराचा गुडघा नळावर धुऊन द्यायला लावला, आणि आठवडाभर सुट्टीत त्याला सांभाळायची जबाबदारी दिली. पहिल्या दिवशी कुरकुरला, पण केलं. मी त्याला ओळखत नसतो तर त्याने माझं ऐकलं असतं का? मला नाही वाटत. शिस्त लावायला नातं आड येत नाही, उलट नात्यामुळेच ती लावता येते.

‘एवढ्या पोरांशी नातं जोडायला वेळ कुठाय?’ हा मुद्दा फॉरवर्डमधला नाही, स्टाफरूममधला आहे आणि खरा आहे. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा हे त्याच कायद्यात आहे, पण दोन शिक्षकांनी पाच वर्ग ओढायचे म्हटल्यावर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला काय येणार? वर जनगणना, निवडणूक, रोजची ऑनलाइन माहिती. याबद्दल भांडलंच पाहिजे. पण हजेरी घेताना नुसतं “हजर सर” ऐकून पुढचं नाव घ्यायचं, की काल न आलेल्याला “आजी बरी आहे का?” विचारायचं, याला जादा तास लागत नाही.

‘आदर संपला.’ हात उगारल्यावर गप्प बसतात ती भीती. शिक्षकाची पाठ वळली की ती संपते.

हे मी कुठे शिकलो तेही सांगतो. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही फूटपट्टी वापरायचो. एकदा केंद्रावरच्या बैठकीहून लवकर परतलो, तर वर्गाची मॉनिटर, चौथीतली मुलगी, पहिलीच्या पोरांना रांगेत उभं करून हातावर पट्टी मारत होती. हात पुढे करायला लावण्याची पद्धत माझीच. “गप बस म्हटलं ना!” हे शब्दही माझेच. ती पट्टी मी तिच्या हातातून घेतली, तिला काही बोललो नाही. बोलणार तरी काय होतो? दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मुलांसमोर सांगितलं की यापुढे या शाळेत कुणी कुणाला मारणार नाही, मीसुद्धा नाही. पहिलीतल्या एकाने लगेच विचारलं, “खरंच सर?” पट्टी अजून कपाटात आहे. वह्यांना समास आखायला काढतो.